पूल पडणार नाही, हे मला ठाऊक आहे

उंच पुलावरून गाडी चालवायची भीती वाटते असे कोणाजवळ बोलून दाखवले, की समोरचा माणूस हमखास पुलाची बाजू मांडू लागतो. पूल किती भक्कम आहे, त्यावरून रोज किती अवजड ट्रक जातात, बांधताना कसा सगळा हिशेब केलेला असतो, हे तो मोठ्या आपुलकीने समजावून सांगतो आणि "तू उगीच घाबरतेस" असे म्हणून विषय मिटवतो. ही भीती मी बरीच वर्षे बाळगून आहे आणि ती अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळे एवढे खात्रीने सांगू शकते, की या समजावण्याचा काडीचाही उपयोग होत नाही. पूल पडेल असे मला कधी वाटलेलेच नाही. मला भीती वाटते ती माझीच. पुलाच्या ऐन मध्यावर मला भोवळ येईल, हात स्टिअरिंगवर ठरणार नाहीत, पाय करकचून ब्रेकवर पडेल, किंवा माझ्याच हातून गाडी कठड्याकडे वळवली जाईल, आणि हे सारे अशा जागी होईल जिथे गाडी बाजूला घेता येत नाही, मागे वळवता येत नाही आणि उतरून चालतेही होता येत नाही, असे मला वाटत असते. पुलाच्या मजबुतीचे कितीही पुरावे दिले तरी ते या भीतीपर्यंत पोहोचत नाहीत, कारण प्रश्नच निराळा असतो.

ज्यांना असे कधी झालेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगते. भीती पुलावर सुरू होत नाही. ती पुलाचा फलक दिसतो तिथे, कधीकधी तर आदल्या रात्री नकाशावर रस्ता पाहतानाच सुरू होते. पुलाकडे नेणारा चढ लागला, की गाडीचे तोंड वर होते, बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसेनासा होतो आणि काचेत नुसते आभाळ उरते. रस्ता पुढे आहे हे बुद्धीला माहीत असते, पण डोळ्यांना तो तिथे संपलेला दिसतो. याच टप्प्यावर दोन्ही बाजूंची झाडे आणि इमारती खाली राहतात आणि सोबतीला फक्त कठडा उरतो. तळहातांना घाम सुटतो, घशाला कोरड पडते, खांदे वर चढून मान आखडते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो, गाडी मंदावते, मागचा चालक हॉर्न वाजवतो आणि त्या हॉर्नने मुळातली घबराट दुप्पट होते. तेवढ्यात चाके पुलाच्या सांध्यावर येतात. ऊन-थंडीप्रमाणे पूल लांबतो आणि आखडतो. त्याला तेवढी मोकळीक मिळावी म्हणून जागोजागी ठेवलेले हे लोखंडी सांधे गाडी वरून जाताना 'धाड-धाड' असा दुहेरी आवाज करतात, एक पुढच्या चाकांचा आणि लगेच दुसरा मागच्या. एरवी लक्षातही न येणारा हा आवाज त्या क्षणी थेट पाठीच्या कण्यात शिरतो. पुढचा सांधा दिसला की श्वास रोखला जातो, तो पार झाला की घाईघाईने दोन-तीन श्वास घेतले जातात, आणि श्वासाचा हा बिघडलेला ताल पुढच्या सगळ्या प्रकाराला कारण होतो.

वैद्यकीय परिभाषेत या भीतीला 'गेफायरोफोबिया' म्हणतात, पण नावाने फारसा उलगडा होत नाही, कारण त्या एका नावाखाली तीन-चार निरनिराळ्या भीती नांदत असतात. काहींना मुळात उंचीची भीती असते. अशी माणसे पुलावरून चालत गेली किंवा शेजारच्या सीटवर बसून गेली, तरी तितकीच घाबरतात. काहींना जिथून चटकन निसटता येत नाही अशा प्रत्येक जागेची धास्ती असते, आणि त्यांच्या लेखी लांबलचक बोगदा, गच्च भरलेली लिफ्ट आणि पूल ही एकाच माळेतली असतात. काहींचे भय पाण्याचे असते. काहींना मात्र स्वतः गाडी चालवतानाच त्रास होतो. दुसरे कोणी चालवत असेल, तर ती माणसे खुशाल खिडकीतून वाकून नदी पाहतात. मी या शेवटच्या गटातली आहे. पुलावरून पायी जाताना कठड्याला कोपरे टेकून मी निवांत उभी राहू शकते, आणि नेमके म्हणूनच घरच्यांना हा सारा प्रकार माझा लहरीपणा वाटत आला. आपली भीती नेमकी कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यात थोडा वेळ घालवावा असे मी सुचवीन. ज्याला उंची सोसत नाही त्याने गच्चीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे, पण ज्याला अडकून पडण्याचे भय आहे त्याला गच्चीवर कितीही उभे केले तरी पुलावर काही फरक पडणार नाही.

यात शरीराचाही वाटा असतो आणि तो समजून घेण्याजोगा आहे. आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर सांभाळला जातो: अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय, स्नायू व सांध्यांकडून येणारे संदेश, आणि डोळे. शरीर सतत किंचित डुलत असते, आणि डोळे जवळच्या स्थिर वस्तूंच्या आधाराने ते डुलणे ओळखून सावरायला मदत करतात. उंचावर अशा जवळच्या वस्तूच नसतात. दूरचे क्षितिज आणि खोल खालचे पाणी आपण थोडे डुललो तरी जागचे हललेले दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांची साक्ष तोकडी पडते आणि मन अस्वस्थ होते. ही अस्वस्थता फार दुर्मीळही नाही. म्युनिकच्या संशोधकांनी जर्मनीत केलेल्या पाहणीत सुमारे 28 टक्के लोकांनी उंचावरून पाहताना आपल्याला कधी ना कधी त्रास झाल्याचे सांगितले होते. जिला फोबिया म्हणावे अशी तीव्र भीती मात्र त्यांच्यातल्या थोड्यांनाच होती. गाडी चालवताना यात आणखी एक भर पडते. कठड्याचे गज नजरेच्या कडेने भराभर मागे पळत असतात आणि त्यांच्यामधून दिसणारे पाणी जवळपास स्थिर असते, त्यामुळे आपण किती वेगात आहोत याविषयी नजरेची कड एक सांगते आणि मध्य दुसरेच.

ब्रिटनमधील पेज आणि ग्रेस्टी या संशोधकांनी 1985 मध्ये अशा वाहनचालकांचे वर्णन केले होते, ज्यांना मोकळ्या, आजूबाजूला काही खुणा नसलेल्या रस्त्यावर किंवा चढाच्या माथ्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते आहे असा भास होत असे, आणि त्यांच्यातल्या काहींच्या तोलाच्या यंत्रणेत खरोखरच दोष सापडला होता. 'गाडी आपोआप कठड्याकडे ओढली जाते' हे वाक्य पुलाला घाबरणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. तेव्हा ज्यांना पुलाखेरीज इतरत्रही, म्हणजे मान झटकन वळवताना, गर्दीच्या दुकानात किंवा अंथरुणात कूस बदलताना गरगरते, त्यांनी 'हे सगळे मनाचे खेळ आहेत' असे परस्पर ठरवून टाकण्याआधी एकदा कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मला हा सल्ला फार उशिरा मिळाला. माझे कान ठणठणीत निघाले, पण निदान एक शंका तरी मिटली.

कान ठीक असतील तर उरते ती घबराट, आणि तिची रचना मानसशास्त्राने बरीच उलगडलेली आहे. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये मांडलेली उपपत्ती थोडक्यात अशी: छातीत धडधडणे, हातपाय हलके वाटणे, श्वास अपुरा पडणे या शरीराच्या साध्या खुणांचा माणूस 'आता काहीतरी भयंकर होणार' असा अर्थ लावतो, त्या अर्थामुळे भीती वाढते, भीतीमुळे त्याच खुणा आणखी तीव्र होतात आणि बघता बघता घबराटीचा झटका येतो. पुलावर या चक्राला श्वास वेग देतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि डोके हलके होते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, आजूबाजूचे सगळे काचेपलीकडचे, खोटे वाटू लागते. शेवटचे लक्षण सर्वांत भेसूर असते. आपण स्वतःला दुरून गाडी चालवताना पाहतो आहोत असे वाटते, आणि जो माणूस दुरून पाहतो आहे त्याच्या हातात स्टिअरिंग कसे असणार, ही शंका लगेच मागोमाग येते.

इथे मला सर्वांत मोठा धीर देणारी माहिती मिळाली ती पुलाविषयी नव्हती, रक्तदाबाविषयी होती. माणूस शुद्ध हरपून पडतो तो बहुधा रक्तदाब एकाएकी घसरल्यामुळे. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांच्यात नेमके हेच होते. इतर जवळजवळ सर्व प्रकारच्या भीतींत मात्र हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, त्यामुळे घबराटीच्या भरात पुलावर बेशुद्ध पडण्याची शक्यता फारच कमी असते. डोके हलके होते, पण माणूस कोसळत नाही. घबराटीचा झटका काही मिनिटांत शिखर गाठून ओसरू लागतो, हेही तितकेच उपयोगी ज्ञान आहे, फक्त ते पुलावर चढण्यापूर्वी पक्के झालेले असावे. ऐन मध्यावर नवे काही पटत नाही.

आपणच गाडी कठड्यावर घालू या भीतीविषयी लोक सहसा बोलत नाहीत, कारण ती बोलून दाखवली तर ऐकणारा भलताच अर्थ काढेल अशी धाकधूक असते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये यासारख्याच एका अनुभवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच जागी उभे असताना एकाएकी उडी मारावीशी वाटणे हा अनुभव, जीव देण्याचा विचार ज्यांच्या मनात कधीही आलेला नाही अशाही अनेकांना येतो, असे त्यांना आढळले. त्यांची मीमांसा मला पटते: धोका जाणवताच शरीर क्षणार्धात मागे सरते, आणि सावकाश विचार करणारे मन नंतर 'इथे पडण्यासारखे तर काहीच नव्हते, मग मी मागे का सरले, मला उडी तर मारायची नव्हती ना' असा उलटा तर्क लढवते. स्टिअरिंगवरची घट्ट पकड याच जातीची असावी. आपण गाडी वळवू म्हणून आपण ते आवळत नाही. आवळलेली मूठ पाहून आपल्याला तसे वाटू लागते. जीव नकोसा झाल्याचे विचार खरोखर मनात येत असतील तर मात्र गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि तिथे वेळ न दवडता डॉक्टरांशी बोलले पाहिजे.

पूल पडतच नाहीत असे म्हणणेही अर्थात खरे नाही. अमेरिकेतील टाकोमा नॅरोज हा झुलता पूल 1 जुलै 1940 रोजी खुला झाला आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला वाऱ्याने पिळवटून खाली कोसळला. फ्लोरिडातील सनशाइन स्कायवे पुलाला 9 मे 1980 रोजी एक मालवाहू जहाज धडकले आणि 35 जणांचा मृत्यू झाला. जिनोआ येथील मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी पडला, त्यात 43 माणसे दगावली. बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाचा खांब 26 मार्च 2024 च्या पहाटे जहाजाच्या धडकेने गेला. जहाजाने वेळेत इशारा दिल्याने वाहने थोपवता आली, पण पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार वाचले नाहीत. या घटनांची चित्रफीत पुनःपुन्हा पाहणारे काही समदुःखी मला माहीत आहेत. मी पाहत नाही, आणि इतरांनीही पाहू नये असे माझे मत आहे. त्यातून सावधगिरी काही शिकता येत नाही, कारण वाहनचालकाच्या हाती त्यातले काहीच नव्हते. उरते ते फक्त एक दृश्य, जे पुढच्या चढावर नेमके डोळ्यांपुढे येते.

त्यापेक्षा पूल हलतात का, याचे खरे उत्तर माहीत असलेले बरे. हलतात, आणि त्यांनी हलावे अशीच अपेक्षा असते. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल (1937) जोराच्या वाऱ्यात मध्यावर सुमारे 8 मीटरपर्यंत बाजूला सरकू शकेल असा बांधलेला आहे. मिशिगनमधील मॅकिनॉ पूल (1957) याहूनही अधिक सरकू शकतो, पण तो झोके घेत नाही, वाऱ्याच्या दाबाने सावकाश एका बाजूला सरतो आणि दाब ओसरल्यावर परत येतो. टाकोमाच्या दुर्घटनेनंतर पुलांचे छोटे नमुने वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बंदिस्त जागेत, तपासण्याची पद्धत रूढ झाली, आणि मॅकिनॉच्या रचनेवर तर त्या धड्याची छाप उघड दिसते: त्याच्या आतल्या लेन लोखंडी जाळीच्या आहेत, जेणेकरून वारा खालून वर आरपार निघून जावा. गंमत अशी, की पूल सुरक्षित करणारी हीच जाळी घाबरणाऱ्या चालकाचा कर्दनकाळ ठरते, कारण तिच्यावर टायर घुमतात, स्टिअरिंग किंचित थरथरते आणि जाळीतून थेट पाणी दिसते. तिथे बाहेरच्या लेन पक्क्या फरसबंद आहेत, पण त्या कठड्याला लागून. म्हणजे पाणी पायाखाली हवे की शेजारी, एवढीच निवड.

आणखी एक गोष्ट छायाचित्रांची. जपानमधील एशिमा ओहाशी हा पूल इंटरनेटवर भिंतीसारखा उभा दिसतो आणि त्याची छायाचित्रे पाहून कित्येकांची छाती दडपते. प्रत्यक्षात त्याचा चढ एका बाजूने 6.1 टक्के आणि दुसऱ्या बाजूने 5.1 टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर. दुरून टेलिफोटो लेन्सने टिपल्यामुळे अंतर दबते आणि चढ उभा भासतो. प्रवासाआधी पुलाचे छायाचित्र शोधण्याची खोड असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्याऐवजी पुलावरून गाडी नेताना समोरच्या काचेतून केलेले साधे चित्रीकरण पाहावे, ते पुष्कळ प्रामाणिक असते.

ही भीती किती जणांना छळते याचा अंदाज मॅकिनॉ पुलावरच्या सोयीवरून येतो. तिथे विनंती केली तर पुलाचा कर्मचारी तुमच्या गाडीत बसून ती पलीकडे नेऊन देतो. मेरीलँडमधील सुमारे 7 किलोमीटर लांबीच्या चेसापीक बे पुलावर हेच काम खासगी चालक पैसे घेऊन करतात, आणि त्यांच्याकडे रोजच्या कामासाठी पलीकडे जाणारे नेहमीचे लोकही असतात. या सोयीला हसणाऱ्यांविषयी मला राग आहे. घबराटीत थरथरणाऱ्या चालकाने स्वतः गाडी रेटण्यापेक्षा शांत माणसाने ती नेणे सर्वांच्याच हिताचे असते. पण या सोयीची दुसरी बाजूही आहे. ओ. होबार्ट माउरर या मानसशास्त्रज्ञाने 1947 मध्ये दाखवून दिले, की भीती एकदा जडली की ती टिकवून धरण्याचे काम टाळाटाळ करते. वळसा घालून गेलो, की तत्काळ हायसे वाटते. ते हायसे वाटणे हेच बक्षीस होऊन बसते, आणि पुढच्या वेळी वळसा घेण्याची ओढ आणखी वाढते. पूल मात्र मनात आहे तेवढाच उंच राहतो, किंबहुना वाढत जातो. आधी एक पूल टाळला जातो, मग त्याच्यासारखे दिसणारे, मग उड्डाणपूल, आणि शेवटी आमंत्रणे आणि नोकऱ्या रस्त्यावरून निवडल्या जातात.

यावरचा उपाय नवा नाही. जर्मन कवी गटे विद्यार्थिदशेत स्ट्रासबुर्गला असताना उंचीच्या भोवळीने हैराण झाला होता, आणि तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर चढून, अगदी थोडक्या जागेत उभे राहण्याचा प्रयोग तो भीती पुरती बोथट होईपर्यंत करत राहिला, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये याच कल्पनेला पायरीपायरीच्या उपचाराचे रूप दिले. 1995 मध्ये बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवर संगणकाने उभ्या केलेल्या आभासी दृश्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात पाण्यावरचे पादचारी पूलही होते. साधने बदलली तरी गाभा तोच आहे: जिची भीती वाटते त्या गोष्टीच्या सान्निध्यात, भीती वाटत असतानाच, पुरेसा वेळ राहायचे.

माझ्या बाबतीत समुपदेशकांनी आधी पायऱ्या लिहून घेतल्या. सर्वांत खालच्या पायरीवर कमी उंचीचा, आखूड पूल, रविवारी सकाळी, शेजारी माणूस. मग तोच पूल एकटीने. मग जरा उंच, जरा लांब, जरा रहदारीचा. प्रत्येक पायरीवर तोच पूल लागोपाठ पुनःपुन्हा ओलांडायचा, एकदा ओलांडून 'सुटले' म्हणत घरी पळायचे नाही, हा त्यातला कळीचा नियम. शेजारी धाकटा भाऊ बसत असे. त्याला एवढेच काम दिले होते, की मध्येमध्ये विचारायचे, "ताई, आता किती?" आणि मी भीती किती आहे याचा शून्य ते शंभर यांमधला आकडा सांगायचा. "सत्तर." "बरं." बस्स. धीर देणे नाही, शाबासकी नाही, 'झालंच आता' नाही. हे 'बरं' ऐकून पहिल्यांदा मला त्याचा राग येत असे, पण सत्तर असतानाही गाडी सरळ चालली आहे, लेन सुटलेली नाही, हे कोणी न सांगता माझ्या लक्षात येऊ लागले ते त्यामुळेच. तेच मला शिकायचे होते. भीती शून्यावर येण्याची वाट पाहणे मी सोडून दिले. सत्तर असतानाही मी नीट गाडी चालवते, एवढी एक गोष्ट हातांना कळली की पुरे होते.

जास्त अवघड गेले ते कुबड्या टाकणे. पुलाला घाबरणाऱ्या प्रत्येकाच्या अशा काही गुप्त कुबड्या असतात: खिडकी पूर्ण उघडी ठेवणे, मोठ्याने गाणी लावणे, फोनवर कोणाला तरी धरून ठेवणे, समोरच्या ट्रकच्या मागे लपून जाणे, सतत पाण्याचे घोट घेणे. त्यांनी तेवढ्यापुरते भागते, पण पूल ओलांडल्याचे श्रेय मन त्यांनाच देऊन मोकळे होते आणि पुढच्या वेळी त्या नसतील तर पुन्हा पहिल्यापासून रडगाणे. मी गाणी आणि खिडकी सोडू शकले. समोरचा ट्रक मात्र अजूनही आवडतो.

भीती घालवणाऱ्या गोळ्यांविषयी मत विचाराल तर गाडी चालवायच्या आधी, त्यातही कोणी दिलेली किंवा घरात उरलेली गोळी, अजिबात घेऊ नये. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रतिसाद मंदावतो, म्हणजे जो धोका केवळ कल्पनेत होता तो आपण प्रत्यक्षात आणतो. औषधाची गरज आहे की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवावे, आणि त्यांना आपण स्वतः गाडी चालवतो हे आवर्जून सांगावे.

प्रत्यक्ष पुलावर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. नजर पुढच्या गाडीच्याही पलीकडे, लेन जिथवर दिसते तिथवर टाकावी. बॉनेटसमोर किंवा कठड्याकडे पाहिले की गाडी डगमगल्याचा भास वाढतो. वेग रहदारीइतकाच ठेवावा, कारण मंदावल्याने पूल लांबतो आणि मागच्यांचा हॉर्न वाढतो. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे. सावकाश, लांब सोडला की पुढचा आपोआप नीट येतो. मूठ सैल करून बोटे एकदा हलवावीत. घबराट झाली तरी पुलावर थांबू नये. जी भीती पलीकडे उतरल्यावर ओसरणारच आहे तिच्यासाठी भरधाव रहदारीत उभे राहणे हा खराखुरा धोका आहे. उतरल्यावर सुरक्षित जागी गाडी घेऊन हवे तेवढे थरथरावे.

पूल बांधणारेही यात थोडा हातभार लावू शकतात, आणि काहींनी लावलाही आहे. फ्रान्समधील मियो येथील पूल 2004 मध्ये खुला झाला. त्याचा रस्ता तार्न नदीच्या वर सुमारे 270 मीटरवर आहे आणि सर्वांत उंच खांबाचे टोक 343 मीटरवर. अडीच किलोमीटर लांबीचा हा पूल सरळ नाही, त्याला 20 किलोमीटर त्रिज्येचा अगदी सौम्य बाक दिलेला आहे, ज्यामुळे चालकाला पुढचा मार्ग आणि खांबांची ओळ नीट दिसत राहते, आणि कडेला वारा अडवणारे उंच पडदे आहेत. मला हा बाक फार सुज्ञपणाचा वाटतो. आभाळात घुसणाऱ्या सरळ रेषेपेक्षा वळत जाणारी रेषा डोळ्यांना धरायला काहीतरी देते. उलट, नदीचे दृश्य दिसावे म्हणून हौसेने बसवलेले बारीक गजांचे पारदर्शक कठडे मला कधीच आवडले नाहीत. चालकाने दृश्य पाहूच नये. कमरेइतकी भरीव भिंत त्याच्यासाठी पुष्कळ.

माझ्या यादीतल्या वरच्या पायऱ्यांपैकी रात्रीचा पाऊस आणि लोखंडी जाळीचा रस्ता अजून बाकी आहे, आणि दोन्ही मी करणार आहे. जोराच्या वाऱ्याची पायरी मात्र मी समुपदेशकांशी वाद घालून यादीतून काढून टाकली. मोठ्या पुलांवर वारा ठरावीक वेगापुढे गेला, की उंच वाहनांना अडवतात किंवा सोबत गाडी देऊन संथपणे पलीकडे नेतात, आणि वादळ वाढले तर पूल सर्वांसाठीच बंद करतात. ज्या हवेत पूल सांभाळणाऱ्यांनाच गाड्या नकोशा वाटतात, त्या हवेत घरी बसण्याला मी टाळाटाळ म्हणत नाही.